कागदावरचा गवंडी

हनीफ तांबे दारातून आत कसा यायचा, ते आधी सांगतो. तेवढं कळलं की माणूस निम्मा कळला.

दुबईत करामा भागातल्या आमच्या खोलीचं दार बुटकं होतं. जुनी बिल्डिंग, एका खोलीत सहा जण, आणि चौकट अशी की माझ्या पाच फूट सात इंचांवरही जेमतेम चार बोटं जागा उरायची. हनीफ सहा फूट पाच इंच. एवढा उंच माणूस दाराशी आला की आपसूक मान खाली घालतो. हनीफ घालत नसे. दाराशी पोचला की तो दोन्ही गुडघ्यांत वाकायचा. पाठ सरळ, मान ताठ, नजर समोर. आणि तसाच, अदृश्य स्टुलावर बसल्यासारखा, आत सरकायचा. पहिल्या दिवशी अख्खी खोली हसली. मीही हसलो.

तो म्हणाला, "हसतो काय? मान वाकवली की बॉल दिसत नाय. वाकवायचे ते गुडघे. नागपाड्याच्या ग्राउंडवर पैला धडा हाच."

"पण इथे बॉल कुठे आहे, हनीफभाई?"

"कुठनं कधी येईल, काय सांगता येतंय?"

मी माणगावचा. त्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, देऱ्यातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत टायपिस्ट होतो. व्हिसाचे, लेबर कार्डाचे फॉर्म टाइप करायचं काम. फॉर्म अरबीत. मला अरबी बोलता येत नव्हतं, वाचून कळतही नव्हतं. पण कुठल्या रकान्यात कुठला शब्द पडतो ते पाठ झालं होतं आणि बोटं आपोआप चालायची. एवढ्या विद्येवर गल्फमध्ये पुष्कळांचे संसार उभे राहिलेत. हनीफने मला पहिल्याच दिवशी मुनशी करून टाकलं, आणि मग खोलीत माझं खरं नाव कोणी घेईना. तो म्हसळ्याकडच्या खाडीकाठच्या गावातला, वडील मुंबईला गोदीत म्हणून वाढला नागपाड्यात. माणगाव आणि म्हसळा हे शेजारचे तालुके. तेवढ्या नात्यावर त्याने माझ्या शेजारची जागा पकडली ती सात वर्षं सोडली नाही.

जागा म्हणजे जमीन. कुठल्याही खाटेत तो मावत नसे. गादी टाकून तिरका झोपायचा, तरी पाय दाराच्या वाटेत यायचे. त्याचे पाय ओलांडून जाणाऱ्याने "माफ कर भाई" म्हणायचं, असा खोलीचा कायदाच झाला होता. उशाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत खेळायचे बूट, आणि त्यात डांबराच्या दोन गोळ्या. ते बूट त्याने देऱ्यात घेतले तेव्हा खोलीतल्या एकाने कपाळावर हात मारला होता. "दोनशे दिरहम! म्हणजे आपले सतराशे रुपये! बुटाला!" हनीफ शांतपणे म्हणाला, "सुताराची करवत कितीला येते, विचार." ऑफिसात तो चपला घालून यायचा. बूट फक्त कोर्टवर.

आमची कंपनी इमारती बांधायची. पण मॅनेजर मिस्टर जॉर्ज, मूळचे लेबनानचे, यांचा जीव बास्केटबॉलमध्ये. कंपन्या-कंपन्यांच्या टीम होत्या, हिवाळाभर दर शुक्रवारी सामने चालत, आणि चांगले खेळाडू पगार देऊन ठेवले जात. बहुतेक फिलिपिनो, काही लेबनीज. हनीफला मिस्टर जॉर्जच्या कोणा मित्राने मुंबईत खेळताना पाहिलं आणि महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. हनीफ तेव्हा गोदीत खेळाडूंच्या जागेवर कायम नोकरीत होता. कायम! माझ्यासारख्याला तो शब्द ऐकूनच झोप लागली असती. तो राजीनामा देऊन आला. मी विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, "तिथे आठ तास पावत्या फाडायच्या आणि मग खेळायचं. इथे खेळणं हीच नोकरी. अख्ख्या कोकणात बास्केटबॉल खेळून पगार घेणारा दुसरा माणूस दाखव मला."

मला दाखवता आला नाही. आजही येणार नाही.

आता त्या फॉर्मबद्दल लिहायला हवं. इतकी वर्षं मी ते टाळत आलो आहे.

मिस्टर जॉर्जनी त्याचा खेळ पाहिला आणि ठेवून घ्यायचं ठरवलं. लीग तीन आठवड्यांवर आली होती. सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवणाऱ्या माणसाला तिकडे मंदूब म्हणतात. आमचा मंदूब होता अबू रामी. तो माझ्या टेबलावर बसून म्हणाला, "क्लार्क का वीजा चाहिए तो डिग्री का सर्टिफिकेट, बंबई का ठप्पा, दिल्ली का ठप्पा, फिर एम्बेसी. तीन महीना. मिस्त्री का वीजा खाली पड़ा है. एक हफ्ता, खलास." हनीफ बी.कॉम. होता. तिसऱ्या वर्गात का होईना, पण होता. सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये घालून बरोबर आणलं होतं. मिस्टर जॉर्ज म्हणाले, आत्ता गवंडी लिहा, सीझन झाला की बदलू.

हनीफने त्या दोघांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "मुनशी, तू सांग. तू गाववाला. मागनं बदलता येतं?"

मला कामाला लागून आठ महिने झाले होते, आणि आपल्याला यातलं सगळं कळतं हे दाखवायची हौस होती. मी म्हणालो, "येतं हो. त्यात काय? फॉर्मच तर आहे."

मी फॉर्म टाइप केला. व्यवसाय: गवंडी. शिक्षणाच्या रकान्याशी थांबलो. तिथे डिग्री लिहिली की डिग्रीचे ठप्पे मागणार. म्हणून गवंड्या-मजुरांच्या फॉर्मवर आम्ही सरसकट एकच शब्द टाकत असू, तोच टाकला. हनीफला अरबी भाषा येत नव्हती, पण लहानपणी कुराण शिकलेला, अक्षरं वाचता यायची. सही करताना बोट ठेवून त्याने शब्द लावला. "उम्मी. म्हणजे अंगठाछाप ना रे?"

"कागदापुरतं," मी म्हणालो.

"आमच्या प्रिन्सिपॉलला दाखवायला पाहिजे," असं म्हणून तो मोठ्याने हसला आणि त्याने झोकदार इंग्रजी सही केली. निरक्षर माणसाची ती सही बघून अबू रामीही हसला. तिघंही हसलो आम्ही.

गवंड्याला बायकामुलं आणता येत नाहीत. मजुरांच्या कुठल्याच व्हिसावर येत नाहीत. हनीफची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. बायको रुकय्या गावी घरीच शिवणाचा वर्ग चालवायची. दोघींना सांगून आला होता की एक सीझन एकटा काढतो, मग तुम्हाला घेऊन येतो. खोलीतल्या कोणी म्हटलं की पोरगी मोठी झाल्यावर बापाला ओळखणार नाही, तर तो म्हणायचा, "शिट्टी वाजली काय अजून? टाइम आहे." त्याला सगळ्यात टाइम दिसायचा. बस निघून जात असली तरी टाइम, अर्जाची तारीख उलटत आली तरी टाइम. दोन सेकंदांत दोन पॉइंट होतात, हे त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की घड्याळाचं भय म्हणून त्याला उरलंच नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मॅच संपली की घामाच्या बनियनवरच तो फोन बूथमध्ये शिरायचा. आधी स्कोअर सांगायचा, कारण रुकय्या आधी तेच विचारायची. मग तिने टेपने घेतलेली पोरीची उंची ऐकून घ्यायचा. खोलीवर आला की माझी पेन्सिल मागायचा आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर रेघ ओढून बाजूला 'नि' लिहायचा. निलोफर. पहिली रेघ त्याच्या गुडघ्याशी होती. मग मांडीवर आली, मग कमरेशी. त्या भिंतीला कोणी गादी टेकवायची नाही, हा खोलीचा दुसरा कायदा.

पहिल्या रजेला जाऊन आला तेव्हा आठवडाभर एकच गोष्ट सांगत होता. घराच्या दारातून तो नेहमीसारखा गुडघ्यांत वाकून आत गेला, तर दोन वर्षांची निलोफर त्याच्यामागून तशीच, मान ताठ ठेवून, बसत बसत आत आली. "तिच्यावर चार फूट जागा होती रे मुनशी! तरी वाकली. गुडघ्यातनं!" सांगताना त्याला ते करून दाखवायचं असायचं, आणि करून दाखवताना डोळे पुसायचे असायचे.

खेळायचा कसा? मला बास्केटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं. शुक्रवारी खोलीत कपडे धुण्यापेक्षा बरं म्हणून जायचो. पण बोर्डावर आपटून बॉल परत यायच्या आत त्याला तो कुठे येणार ते कळलेलं असायचं, एवढं मलाही दिसे. इतर खेळाडू बॉलकडे धावत. हा दोन पावलं सरकून उभा राहायचा, गुडघे वाकवून, आणि बॉल त्याच्याकडे यायचा. मग तो उडायचा. ती उडी पाहून फिलिपिनो प्रेक्षक, विरुद्ध टीमचे असले तरी, आरडाओरडा करायचे. मिस्टर जॉर्ज खुर्चीवर उभे राहायचे. ऑफिसात कोणी विचारलं, हनीफ तुझं काम काय, तर तो सांगायचा, उड्या मारणं. आठवडाभर तो स्टोअरमध्ये नुसता बसायचा आणि पेपर वाचायचा, पण शुक्रवारच्या एका तासात त्याचा सगळा पगार फिटत होता, असं माझं मत आहे.

प्रत्येक सीझनच्या शेवटी तो मिस्टर जॉर्जच्या केबिनमध्ये जायचा. "सर, मेरा फॅमिली का..." मिस्टर जॉर्ज खांद्यावर हात टाकायचे, म्हणजे दंडावर, खांद्यापर्यंत हात पोचत नसे. "हबीबी, नेक्स्ट इयर कप लाओ. मैं साइन करेगा. इन्शाल्ला." तीन वेळा दुसरे आलो. मिस्टर जॉर्ज वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कप हवा होता, आणि कप मिळेपर्यंत बाकी कशाची घाई नव्हती.

पाचव्या सीझनमध्ये उजवा गुडघा गेला. कधी गेला ते फक्त मला माहीत. एका शुक्रवारी तो खेळून आला आणि जिन्यात बसून राहिला. मी वर गेलो, वाट पाहिली, परत खाली आलो. "मुनशी, हात दे. आणि वर कोणाला बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी करामातल्याच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, सहा महिने खेळ बंद. हनीफने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "शुक्रवारपर्यंत चालेल ना?"

मला त्याचा राग आला, खूप आला. रस्त्यात मी त्याला नको ते बोललो. तो लंगडत पुढे चालत होता. मग थांबला. "सहा महिने नाय खेळलो तर जॉर्ज ठेवेल मला? कशाला ठेवेल? गोदीतली जागा गेली. बत्तीस वर्षांचा झालो. तू सांग, काय करू?"

मी सांगितलं नाही. मागे एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरे होतं.

पुढची दोन वर्षं दर शुक्रवारी मॅचच्या आधी कोर्टवरच्या न्हाणीघरात मी त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधत असे. आत दुसरं कोणी नाही याची खात्री करायची, मग तो भिंतीला टेकायचा आणि मी जमिनीवर बसायचो. गुडघा पपईएवढा झालेला असायचा. "घट्ट," तो म्हणायचा. मी आवळायचो. "अजून." त्याचे ओठ पांढरे पडायचे. बाहेर आला की हसत यायचा. उडी संपली होती. पण बॉल कुठे येणार हे अजून कळत होतं, त्यावर तो भागवत होता. खोलीच्या दारातून आता गुडघे वाकवून येणं जमत नव्हतं. कपाट आत न्यावं तसा तो स्वतःला तिरका करायचा, खांदा आधी, मग डोकं, चौकटीला हात धरून. कपाळावर टेंगूळ कायमचं झालं. पण मान वाकवली नाही. हसणं सगळ्यांचं बंद झालं होतं.

सातव्या सीझनला फायनल. एका क्लबचा हॉल, खच्चून भरलेला. आदल्या दिवशी मिस्टर जॉर्ज स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि हनीफच्या देखत मला म्हणाले, "कल जीता तो सॅटरडे को इसका फॉर्म बनाओ. क्लार्क." खोलीवर आल्यावर हनीफने बूट पुसले, आणि मग परत पुसले.

मॅचबद्दल मला फार सांगता येत नाही. शेवटची काही सेकंदं राहिली होती, आम्ही एका पॉइंटने मागे होतो, आणि हनीफ बोर्डाखाली बॉल घेऊन वळताना समोरच्याने त्याला पाडलं. तो उजव्या गुडघ्यावर पडला. तो आवाज मी आठव्या रांगेत ऐकला. पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. त्याला दोघांनी उभं केलं. रेषेवर येऊन तो एका पायावर उभा राहिला. फ्री थ्रो मारताना आधी गुडघे वाकवतात, बॉलला जोर तिथून मिळतो. हे त्यानेच मला शिकवलेलं. त्याने नुसत्या हातांनी बॉल टाकला. पहिला रिंगवर दोनदा नाचून आत पडला. दुसरा सरळ आत गेला.

लोक कोर्टवर धावले. मिस्टर जॉर्ज रडत होते, त्याचं डोकं ओढून मुके घेत होते. त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून हनीफने मला शोधलं आणि ओरडला, "मुनशी, फॉर्म काढ!"

शनिवारी सकाळी सात वाजता ऑफिस उघडून मी तो फॉर्म टाइप केला. एकही चूक होऊ नये म्हणून तीनदा वाचला. व्यवसाय: क्लार्क. शिक्षण: बी.कॉम. सर्टिफिकेटावर सगळे ठप्पे होते. हनीफने मागच्या रजेत मुंबई-दिल्ली करून ते आणून ठेवले होते. मिस्टर जॉर्जनी शब्द पाळला, सही केली. अबू रामी कागद घेऊन गेला आणि दुपारी परत आला. फाइल माझ्यापुढे टाकली.

सरकारी कचेरीत खिडकीवरच्या माणसाने जुना फॉर्म काढून नव्याशेजारी ठेवला होता. हाच माणूस, हीच सही. सात वर्षांपूर्वी निरक्षर, आज पदवीधर, आणि पदवीची तारीख त्याच्याही आधीची. म्हणजे पहिला फॉर्म खोटा. खोटा असेल तर कंपनीला दंड, कंपनीचे पुढचे व्हिसे बंद, आणि या माणसाला देशाबाहेर. खोटा नसेल तर सर्टिफिकेट खोटं. खिडकीवरचा माणूस भला होता. त्याने अबू रामीला म्हटलं, कागद घेऊन जा, मी पाहिले नाहीत असं समजतो.

"कौन लिखा था ये?" अबू रामीने 'उम्मी'वर बोट ठेवून विचारलं. त्याला माहीत होतं कोणी लिहिलं होतं.

हनीफला मी स्टोअरमध्ये जाऊन सांगितलं. तो खुर्चीवर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मी सगळं सांगितलं, शब्दही न वगळता. माझी अपेक्षा होती की तो मला मारेल. मारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्याने बर्फाची पिशवी इकडची तिकडे केली. मग म्हणाला, "सही माझीच होती रे." आणि थोड्या वेळाने, "दुसरं काय तरी लिहून बघ ना."

त्यानंतर कितीतरी महिने तो रोज काहीतरी घेऊन यायचा. ड्रायव्हर लिहिलं तर? स्टोअरकीपर? फोरमन? मी अबू रामीला विचारायचो, तो मान हलवायचा. ज्या कामाच्या व्हिसावर बायकामुलं आणता येतात त्याला शिक्षण लागतं, आणि शिक्षण लिहिलं की तोच जुना कागद पुढे येतो. एक दिवस हनीफ म्हणाला, "खेळाडू लिही ना. मी खेळाडूच आहे. त्यात कुठे खोटं आहे?" मी कंपनीला ज्या कामांचे व्हिसे मिळत त्यांची यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत त्याच्यासमोर वाचली. गवंडी, सुतार, प्लंबर, वेल्डर, चहावाला, झाडूवाला. खेळाडू त्या यादीत नव्हता. तो म्हणाला, "परत वाच." मी परत वाचली.

उन्हाळ्यात मिस्टर जॉर्ज बैरूतला कायमचे निघून गेले. नव्या मॅनेजरने पहिल्या आठवड्यात टीम बंद केली. फिलिपिनो पोरांचे व्हिसे सेल्समनचे होते. त्यांनी दुसरीकडे टीम शोधल्या. हनीफचं कार्ड मॅनेजरने उलटसुलट करून पाहिलं. "बन्ना? मेसन? तो ये स्टोअर में क्या करता है? साइट पे भेजो." बदलीची चिठ्ठी अर्थातच मी टाइप केली.

मी त्याला म्हणालो, जा घरी, सोड हे. तो म्हणाला, "घरी जाऊन काय सांगू? निलोफर शाळेत सांगते, माझा अब्बा दुबईत खेळतो. आणि नवं कार्ड निघेल ना दोन वर्षांनी. तेव्हा शिक्षण नीट लिहू आपण. टाइम आहे." हे तो मला सांगत होता की स्वतःला, कळेना. साइटवाल्यांना कॅम्पात राहावं लागतं, म्हणून खोली सोडताना त्याने एक सुतळी घेतली, भिंतीवरच्या प्रत्येक रेघेला लावून गाठी मारल्या, आणि ती बुटांच्या पिशवीत ठेवली. त्याच्या पायांची जागा दुसऱ्या दिवशी भरली गेली.

गवंडीकाम त्याला काय येणार? साइटवरून हसण्याच्या गोष्टी ऑफिसात यायच्या. दाराची जागा सोडून दोन्ही बाजूंनी भिंत चढवायचं काम दिलं, तर याने फूटभर जास्त उंच जागा सोडली. स्वतः सरळ जाईल एवढी. फोरमनने विचारलं, नकाशा बघितला नाही का? तर म्हणे, दार असंच पाहिजे. दुपारी सगळ्यांसमोर त्याच्याकडूनच ती भिंत फोडून घेतली. ऑफिसात लोक पोट धरून हसले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

दोन वर्षांनी मी त्याला शेवटचं पाहिलं, त्यापुढचं ऐकीव आहे. मी त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत गेलो. हनीफ अजून काही वर्षं तिकडे होता, मग गावी गेला, असं कोणी म्हणतं. मी चौकशी केली नाही. करायची हिंमत झाली नाही, हे खरं.

शेवटचा दिसला तो अल बर्शात. तेव्हा तिथे रेतीच रेती, आणि मध्येमध्ये व्हिल्ला उठत होते. त्याचं कार्ड संपत आलं होतं, नव्या फॉर्मवर सही हवी होती, म्हणून मी सकाळीच गेलो. फोरमन कौतुकाने म्हणाला, "तांबे अब पक्का मिस्त्री बन गया. मचान नहीं लगता उसको." हनीफ एका अर्ध्या भिंतीमागे काम करत होता. दाढी वयाआधीच पांढरी, हातांच्या भेगांत सिमेंट. मला बघून खूश झाला. "मुनशी! चाय पिणार?"

ब्लॉकच्या उघड्या भिंतीवर, दाराच्या कडेला, पेन्सिलीची रेघ होती. बाजूला 'नि'. त्याच्या छातीला लागत होती.

"चार फूट सात," तो म्हणाला. "आठ वर्षांची. रुकय्या म्हणते कापड पुरत नाय."

"इथे लिहितोस?"

"उद्या प्लास्टर होईल यावर. मग पुढच्या महिन्यात दुसरा व्हिल्ला." त्याने बोटाने रेघेवरची धूळ पुसली. "विचारते, अब्बा आता कुठल्या टीमकडनं? सांगतो, रेस्टवर आहे. आणि पहिल्यासारखं आम्ही कधी येऊ, असं नाय विचारत आता."

मी फॉर्म पुढे केला. त्याने हात पँटला पुसून घेतला आणि वाचायला लागला, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. शिक्षणाच्या रकान्याशी बोट थांबलं. मी अबू रामीला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, जुन्याला जुळलं पाहिजे. मग मी तोच शब्द पुन्हा टाइप केला होता.

"उम्मी," हनीफने वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. तीच झोकदार इंग्रजी सही केली, आणि कागद मळू नये म्हणून कडेला धरून परत दिला.

फोरमनने शिट्टी वाजवली. हनीफने थापी उचलली आणि दाराच्या जागेतून पलीकडे जायला निघाला. दोन्ही बाजूंच्या भिंती खांद्याएवढ्या झाल्या होत्या. चौकट बसायची होती, दारावरची आडवी काँक्रीटची पट्टी पडायची होती. वर काहीच नव्हतं, मोकळं आभाळ होतं. हनीफ त्या दाराशी आला आणि मान खाली घालून आत गेला.